काचेचा स्पुतनिक

२००४ सालची गोष्ट. दिवाळी नुकतीच झाली होती. शुक्रवारी सकाळी भिवंडीतल्या टेमघरहून विनिता पाटलांचा फोन जाहिदा टीचरांना आला.

"टीचर, माझा स्पुतनिक फुटला. धोंडूबाईनं फोडला. तिला आज कायमची घरी पाठवतेय. त्याआधी तुम्ही एकदा येऊन जा."

जाहिदा टीचरांनी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं. कुठल्या मुलाची खोडी कुणाच्या नावावर गेली, हे त्यांना बरोबर कळायचं.

त्या पोचल्या तेव्हा विनिताच्या दिवाणखान्यात घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. तीन भिंतींवर फळ्या होत्या. त्यांवर अग्निबाणाच्या आकाराची सुरई, शनीसारखी कडी असलेली तबकं, ताऱ्यांचे काप दिलेले वाडगे. माणूस चंद्रावर गेला त्या दिवसांतलं परदेशी क्रिस्टल विनितानं पै पै साठवून जमवलं होतं. सुरुवात स्पुतनिकनं झाली. रशियाच्या पहिल्या उपग्रहासारखा नारळाएवढा गोळा, त्याला चार काचेच्या शेंड्या. १९६९ साली तिचे यजमान बाळाराम बोटीवर नोकरीला होते, तेव्हा त्यांनी तो आणला.

मधल्या फळीवर आसपासच्या यंत्रमागांवरून येणारी कापसाची धूळ होती आणि तिच्यात एक स्वच्छ गोल.

धोंडूबाई दाराशी उभी होती. बारा वर्षं या घरची धूळ तिनं पुसली होती.

"बाय, ती फळी आज पुसायचीच हाय अजून. मी हात लावला न्हाय. असं नाव घेऊन गेले तं मना दुसरं कोन ठेवल कामाला?"

"आवाज कुणी ऐकला?" टीचरांनी विचारलं.

"मी," आक्का म्हणाल्या. त्या बाळारामांच्या थोरल्या बहीण. भाऊ गेल्यावरही इथेच राहत. "तिचा काही दोष नाही. शेजारच्या लूमच्या हादऱ्यानं सरकत सरकत पडला. तुकडे मीच गोळा केले."

"आक्का तिला नेहमीच पाठीशी घालतात," विनिता म्हणाली.

"तुकडे पाहिलेस, विनिता?"

"मला पाहवत नाहीत, टीचर."

जाहिदा टीचरांनी वर्तमानपत्राची पुडी उघडली. हातात तोलली. एक तुकडा खिडकीतल्या उन्हात धरला. भिंतीवर काही उमटलं नाही.

आक्कांनी जेवायला बसवलं. लोणचं स्टीलच्या डब्यातून आलं.

"लोणच्याची काचेची बरणी कुठे गेली, आक्का?" टीचरांनी विचारलं.

"तडकली."

"स्पुतनिक बाळारामांनी कुणासाठी आणला होता हो?"

"माझ्यासाठी," विनिता घाईनं म्हणाली. "लग्नाला तीनच महिने झाले होते."

आक्कांनी टीचरांच्या ताटात दुसऱ्यांदा मीठ वाढलं.

हात धुऊन टीचर परत आल्या. "धोंडूबाई, बस तू. तू फोडला नाहीस. कुणीच फोडला नाही."

"म्हणजे?" विनितानं विचारलं.

"क्रिस्टल जड असतं. उन्हात धरलं की भिंतीवर रंग सांडतात. हे तुकडे साध्या काचेचे आहेत, आणि या एकावर झाकणाचे आटे आहेत. स्पुतनिकला झाकण कुठलं? ही लोणच्याची बरणी. सरकून पडला असता तर धुळीत फराटा उठला असता. तो सरळ वर उचललाय."

मग त्या आक्कांकडे वळल्या.

"आणि हादरा कसला, आक्का? आज शुक्रवार. शुक्रवारी भिवंडीतले लूम सुटीला बंद. काही पडलं की आपण सवयीनं लूमचं नाव घेतो, तसं तुम्ही घेतलंत. धोंडूबाईला वाचवायला घेतलंत, तिथेच सापडलात."

आक्का उठल्या. आपल्या ट्रंकेतून, लुगड्यांच्या घडीतून त्यांनी स्पुतनिक काढून आणला.

"फोडायलाच उचलला होता. हात धजला नाही. मग बरणी फोडली." त्या विनिताकडे बघत नव्हत्या. "बोटीवर जाताना बाळाराम म्हणाला होता, आक्का, तुला चंद्रावरचं काहीतरी आणीन. आणलं, आणि हिच्या हातात ठेवलं. पस्तीस वर्षं येणारा-जाणारा हिचंच कौतुक करतो."

विनितानं आक्कांच्या हातातल्या स्पुतनिककडे पाहिलं.

"आपणहून हातात ठेवला नाही त्यांनी," ती म्हणाली. "आक्कासाठी आहे, हेच म्हणाले होते. दोन दिवस मी जेवले नाही, तेव्हा दिला. सगळं पहिलं आक्काला, हे मला सहन होत नव्हतं."

धोंडूबाई तिथे आणखी सहा वर्षं होती. विनितानं तिची माफी मागितली, पण तिच्याकडे न बघता. जाहिदा टीचर पुढे मुलाकडे पडघ्याला राहायला गेल्या. आक्का २००९ मध्ये वारल्या. तोवर स्पुतनिक त्यांच्या खाटेशेजारच्या खिडकीत होता आणि रोज सकाळी त्यांच्या पांघरुणावर रंग पडत.

विनितानं नंतर तो मधल्या फळीवर परत ठेवला. त्याची धूळ ती कुणालाही पुसू देत नाही.