दारापर्यंतची सहा पावलं

खोलीत एकंदर एकोणीस वस्तू होत्या: लोखंडी पलंग एक, उशा तीन, औषधांच्या बाटल्या नऊ, खुर्च्या दोन, घड्याळ एक, चोचीचा पेला एक, बेडपॅन एक आणि आईला उचलताना तिच्या कमरेला बांधायचा पट्टा एक. शेवटच्या दोन थोरल्या लेकीनं सकाळीच पलंगाखाली ढकलल्या. परकी बाई यायची होती. घर कसं चारचौघांसारखं दिसायला हवं!

नऊ वर्षांपूर्वी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडून थोरली आईच्या उशाशी बसली, ती बसलीच. आता तिचाच मणका सरकला होता. ‘आणखी उचलाउचल केलीत तर तुम्हीही अंथरूण धराल,’ डॉक्टरांनी बजावलं होतं. सरकारी मदतनीस मिळाली तरच आई घरात राहणार होती... आणि ते आजच्या तपासणीवर ठरायचं होतं.

“आजी, दारापर्यंत चालता येतं?” तपासणीस बाईंनी विचारलं.

“न यायला काय झालं? मी काय मोडकं कपाट आहे, दोघांनी उचलून न्यायला!”

आणि आई उठली! दोन वर्षं जमिनीला पाय न लावलेली आई भिंत धरून, ओठ घट्ट मिटून, सहा पावलं चालली. थोरली पुढे सरसावली. पण परक्या माणसासमोर जन्मदात्रीला खोटं पाडायचं? तिच्या तोंडून ब्र निघाला नाही. बाईंनी कागदावर लिहिलं: ‘स्वावलंबी’.

त्या गेल्या, आणि आई कोसळली.

संध्याकाळी धाकटा भाऊ आला. सरकारपुढे हात पसरायला त्याचा पहिल्यापासून विरोध; लोक म्हणतील, मुलगा मेला का हिचा!

“वाचला कागद. आई ठणठणीत आहे म्हणे. तूच बाऊ करतेस, ताई!”

थोरलीच्या डोळ्यांत पाणी तरारलं. बोलली ती आई.

“तिला बोलू नकोस रे... मी लुळीपांगळी दिसले असते तर त्या बाईला वाटलं असतं, लेकीनं हाल केले. माझ्या पोरीला बोल लागू नये म्हणून चालले मी!”

थोरलीनं पलंगाखालचा पट्टा बाहेर ओढला. आपण पट्टा लपवला आईच्या लाजेसाठी, आणि आईनं जीव पणाला लावला आपल्या नावासाठी...

आईला बसतं करायला धाकट्यानं हात घातला आणि तोच कळवळून खाली बसला.

“ताई... हे दिवसातून कितीदा करतेस?”

“चौदा वेळा.”

त्यानं तिच्या मांडीत तोंड खुपसलं. “आणि मी नुसता फोन करून विचारायचो, आई कशी आहे...!” नऊ वर्षांचा अबोल सल त्या हुंदक्यांत विरघळत गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानंच बाईंना पुन्हा बोलावलं. फेरतपासणीत मदत मंजूर झाली; पण वर्षाचा निधी साठच जणांपुरता, म्हणून आईचं नाव प्रतीक्षायादीत गेलं. निधी वाढवावा का, यावर नगरसभेत सुनावणी होती. धाकट्यानं आईला चाकाच्या खुर्चीतून नेलं.

भरल्या सभागृहात आई म्हणाली, “मी खोटं चालले होते. माझी अंघोळ, माझा संडास, सगळं लेक करते.” स्वाभिमानी आईच्या तोंडून हे ऐकताना थोरलीनं मान खाली घातली. “म्हणता, रांगेत राहा. अहो, उभंच राहता येत नाही, म्हणून तर आलो ना आम्ही!”

कुणीतरी हसलं, आणि लगेच गप्प झालं.

धाकट्यानं खुर्चीवरचा ताईचा हात धरला, तो मतदान होईपर्यंत सोडला नाही.

सभेनं साठ जागा वाढवल्या. आईचा क्रमांक चारशे सदतीस होता. तो तीनशे सत्त्याहत्तर झाला.