चोवीस नंबरचा हिरवा दिवा

फोन बंद होता आणि चौघं अडकले होते.

ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीच्या पलीकडच्या एका सोन्याच्या खाणीत, सातशे मीटर खोल, सकाळी दहाला बोगद्याचं छत कोसळलं. चौघांनी लोखंडी निवारा-खोली गाठली आणि दार लावून घेतलं. हवा छत्तीस तास पुरणार होती. पण लोडर चालवणाऱ्या फेतूचा पाय दगडाखाली चिरडला होता. पट्टा आवळूनही रक्त पाझरत होतं. त्याच्याकडे छत्तीस तास नव्हते. खाणीत अशा सहा खोल्या होत्या, आणि ते कोणत्या खोलीत आहेत हे वर कुणालाच ठाऊक नव्हतं.

"मुख्य केबल बोगद्यातून जाते. ती तुटली," ब्रॉन म्हणाली. ती नेटवर्कचं काम बघायला सोमवारीच रुजू झाली होती. "पण राखीव केबल वेगळ्या भोकातून सरळ वर जाते. फोन आपोआप तिच्यावर जायला हवा होता."

"मग पगार कशाचा घेतेस, बाई?" पाळीचा मुकादम वॉरन म्हणाला. "दिवे बंद करा आणि झोपा. झोपलेल्या माणसाला हवा कमी लागते."

सुरक्षा निरीक्षक डेस नेटवर्कच्या स्विचसमोर बसून होता. त्याने पूर्वी वीस वर्षं टेलिफोनच्या तारा ओढल्या होत्या. स्विचवर केबल खोचायचे चोवीस पोर्ट होते, प्रत्येकावर एक छोटा दिवा. त्यांतल्या केबली मागच्या कुलूपबंद पेटीत जात होत्या. एक नंबरचा, मुख्य केबलचा दिवा विझला होता. चोवीसचा, राखीव केबलचा, हिरवागार होता.

तास गेला.

"डेस, घालव ना तो खोलीतला दिवा," वॉरन म्हणाला. " जरा डोळा लागू दे सगळ्यांचा."

"माझा लागत नाही. मार्चमध्ये माझी बायको आयलीन गेली, तेव्हापासून."

डेसने ब्रॉनकडे पाहिलं.

"पेटीच्या किल्ल्या कुणाकडे असतात?"

"एक माझ्याकडे असायला हवी, पण अजून मिळालेली नाही. दुसरी मुकादमांकडे."

"तेवीसला काय जोडलंय?"

"यादीत रिकामा आहे."

"मग त्याचा दिवा का लागलाय?"

तेवढ्यात फेतूची मान कलंडली.

"ए फेतू, झोपू नकोस," डेस म्हणाला. " बोल काहीतरी. शेजारच्या जेवणाच्या खोलीत तुम्ही करता काय?"

"टीव्हीवर फुटी बघतो, फुटबॉलची मॅच," फेतू पुटपुटला. "आधी गोल व्हायचा आणि चित्र तिथेच अडकायचं. नुसती बोंबाबोंब. जुलैपासून झकास चालतंय. वॉरनची कृपा."

डेसने चोवीसमधली केबल उपटली. चोवीसचा दिवा विझला. तेवीसचाही विझला.

"वॉरन, किल्ली दे."

"कसली किल्ली?"

"ऐक. राखीव केबल तुटली असती तर चोवीसचा दिवा विझला असता. शाबूत असती तर फोन लागला असता. दोन्ही झालं नाही. म्हणजे चोवीसचं दुसरं टोक वर नव्हतंच, ते याच स्विचच्या तेवीसमध्ये होतं. वरच्या लोकांना पडद्यावर हिरवा दिवा दिसत राहावा म्हणून. खरी राखीव केबल जुलैपासून टीव्हीला आहे. ब्रॉन तेव्हा इथे नव्हती. किल्ली तुझ्याकडे होती. आणि इथे अंधार फक्त तुला हवा होता."

"तुम्ही झोपलात की जोडणारच होतो," वॉरन म्हणाला. "दोन मिनिटांचं काम. पोरं चिडायची रे मॅचच्या वेळी. छत पडेल असं कुणाला वाटलं होतं?"

"आणि छत पडल्यावर? तासभर याचं रक्त जाताना बघत बसलास!"

"नोकरी गेली असती. खटला झाला असता."

"किल्ली."

पेटी उघडली. वरून आलेली पिवळी केबल एका जोडाने भिंतीपलीकडे, जेवणाच्या खोलीकडे वळवली होती. ब्रॉनने जोड सोडवला आणि पिवळी केबल चोवीसमध्ये दाबली. फोन घरघरला.

"चौथी खोली!" डेस ओरडला. "चौघं जिवंत आहोत. एकाचा पाय गेलाय, रक्त थांबत नाही."

"बचाव पथक भलत्याच खोलीच्या बाजूने ढिगारा उपसत होतं. आता वळवतोय," वरून आवाज आला. "दोन तास धरा. पण तुमची राखीव लाईन तर छत पडेपर्यंत आमच्याकडे हिरवी दिसत होती! झालं काय?"

डेसने रिसीव्हर वॉरनपुढे धरला.

"तू सांग. माझे हात मोकळे नाहीत."

तो फेतूजवळ गुडघे टेकून बसला आणि दोन्ही हातांनी जखम दाबून धरली. मागे वॉरन आधी आपलं नाव म्हणाला, मग जुलैपासून सांगू लागला.