माफ केलेला माणूस

ट्रकवाला चर्चमध्ये गुडघ्यांवर मेला. पाठीत सुताराची पटाशी रुतलेली, आणि हात अजून जोडलेलेच.

"पोलीस सुताराला उचलणार," फादर म्हणाले. "आक्का, त्याआधी तुम्ही एकदा बघा. माझं मन घेत नाही."

आक्का खासगी तपासाची कामं घ्यायची. शाळेतून निवृत्त झालेला तिचा धाकटा भाऊ, मास्तर, तिच्यासोबत हिंडायचा आणि हटकून भलत्याच माणसावर संशय घ्यायचा. आज मात्र त्याला खात्री होती. सुताराची भाचीच त्या ट्रकखाली गेली होती. जागच्या जागी गेली, असं कोर्टानंही मानलं होतं. शिक्षा भोगून ट्रकवाला परतला, तेव्हा मुलीच्या आईनं भर प्रार्थनेत त्याचा हात धरून त्याला माफ केलं. सुतार मात्र ताडकन उठून बाहेर निघून गेला होता.

पापांची कबुली द्यायचा लाकडी कप्पा कोपऱ्यात होता. एका बाजूला पडद्याआड फादरची खुर्ची, दुसऱ्या बाजूला गुडघे टेकायची फळी, मधे बारीक जाळी. प्रेत फळीवर सापडलं होतं. आक्कानं पडदा सारला. खुर्चीचा एक हात पॉलिशनं चकाकत होता, दुसऱ्यावर धूळ होती.

"तुम्ही कुठं होता, फादर?"

"एका आजाऱ्याकडे. कबुलीची वेळ टळून गेली. आलो तर हे."

सुतार त्याच्या कारखान्यात रंधा मारत होता. "पटाशी माझीच. बाकं दुरुस्त करतोय, हत्यारं तिथंच पडलेली असतात. मी घरी जेवायला गेलो होतो."

"साक्षीला कोण?"

"माझं ताट!" त्यानं रंधा आपटला. "मेला, बरं झालं. माझ्या हातून मरायला हवा होता. पोरीला किंचाळायलासुद्धा सवड मिळाली नाही हो. ताईनं माफ केलं असेल, मी नाही."

"झालं की," मास्तर बाहेर येऊन कुजबुजला. आक्का मुलीच्या आईच्या घराकडे वळली.

मुलीची आई चर्चची झाडलोट करायची. ती घरी फडकी वाळत घालत होती.

"मी मागच्या बागेत फुलं काढत होते. आत पाऊलही टाकलं नाही. साफसफाई त्या दिवशी राहूनच गेली."

"त्याचा राग नव्हता तुम्हाला?"

"रागावून काय मिळणार? पाणी पाणी करत गेली माझी पोर. तिला आता कोण पाजणार?"

मास्तरचे डोळे भरून आले. आक्कानं त्याला दंडाला धरून बाहेर काढलं आणि फादरना निरोप धाडला.

संध्याकाळी चर्चच्या पुढच्या बाकावर फादर, सुतार आणि त्याची बहीण बसले. इन्स्पेक्टर दाराशी उभा होता.

"मेलेल्याचे हात जोडलेले होते," आक्का म्हणाली. "म्हणजे तो उत्तराची वाट बघत होता. फादर आत आहेत असं त्याला वाटलं, कारण पडद्याआड कुणीतरी हललं होतं. ते कोण? खुर्चीचा एकच हात पुसून झाला होता. पुसणाऱ्याचं काम मधेच थांबलं. आणि ही बाई म्हणते, साफसफाई झालीच नाही."

"एवढ्यावर?" सुतार उसळला.

"नाही. पोर जागच्या जागी गेली, असं कोर्ट म्हणतं, तुम्हीही म्हणता. तिनं पाणी मागितलं हे एकाच माणसाला माहीत असणार, जो तिच्याजवळ उभा होता. त्याच्याकडून ते आईपर्यंत कधी पोचलं?"

"ताई, बोलू नकोस!"

"बोलू दे रे. तुला नेलं असतं तर बोललेच असते मी." तिचा आवाज शांत होता. "मी खुर्ची पुसत होते. तो येऊन गुडघ्यांवर बसला आणि सांगायलाच लागला. ती जिवंत होती. पाणी मागत होती. वाचली तर ओळखेल, म्हणून त्यानं तिच्या अंगावरून ट्रक मागं घेतला. मी अपघाताला माफ केलं होतं, आक्का. याला नाही. बाहेर आले, बाकावरची पटाशी उचलली. त्याचे डोळे मिटलेलेच होते."

फादर कसेबसे उठले. "बाई, अजून वेळ गेलेली नाही. देवाकडे क्षमा माग."

"केल्याचं वाईट वाटत नसेल, तर मिळते?"

"नाही."

"मग राहू द्या."

इन्स्पेक्टर पुढे आला. ती आपणहून उठली, पण फादरांसमोर थांबली.

"त्यानं सुरुवात कशी केली, सांगू? 'फादर, मागं तुमच्यापाशी बोललो होतो तेच पुन्हा बोलतोय. तिला सांगायचा धीर होत नाही.' मागं म्हणजे कधी, फादर? तुम्ही माझ्या घरी येऊन, त्याला माफ कर म्हणालात, त्याच्या आधी की नंतर?"

फादरांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी गळ्यातला क्रूस मुठीत धरला.

"कबुलीतलं बाहेर काढायची तुम्हाला बंदी आहे," ती म्हणाली. "ठाऊक आहे मला. म्हणून तर चारचौघांत विचारलं."