डिपली आणि बेसरम

सन एकसष्टचा मार्च. पोलाद कारखान्याच्या टाऊनशिपची नर्सरी तेव्हा नाल्याच्या काठावर होती. एक विहीर, एक तट्ट्याची शेड आणि सातशे कुंड्या. भट्टीची लाल धूळ रातोरात पानांवर बसायची आणि हेडमाळी केवलराम रोज सकाळी ओल्या फडक्यानं ती पुसायचा. साहेबाच्या घरी जाणारं झाड धुतलेलं पाहिजे, असा हुकूम होता. धुणाऱ्याच्या छातीत किती धूळ गेली, हे विचारायचा हुकूम कोणी काढला नव्हता.

केवलराम साकोलीकडचा, धानाची शेती करणाऱ्या घरातला. चौथीपर्यंत शिकलेला. भुताखेताचं नाव काढलं की हसायचा. झाड मेलं तर मूळ उकरून पाहायचा. कोणाची नजर लागली म्हणून मोकळा व्हायचा नाही.

शुक्रवारी दुपारी त्याला दीनानाथ साहेबांनी बंगल्यावर बोलावलं. साहेब रायपूरच्या जुन्या मराठी घराण्यातले, इंजिनियर. केवलरामची धाकटी बहीण पंचफुला नवरा मेल्यापासून याच बंगल्यात धुणीभांडी करायची आणि मागच्या खोलीत राहायची.

"महिनाभर झाला, बाईसाहेबांचे हात थरथरतात," साहेब म्हणाले. "कप धरवत नाही. डॉक्टरला काही सापडत नाही, पण मला सापडलं." त्यांनी बैठकीतल्या कुंडीकडे बोट केलं. गुलाबी फुलं लागलेली होती. "ही नाल्यातली बेशरम आहे. शेळ्या खातात आणि लटपटून मरतात, तीच. तुझ्या बहिणीनं माझ्या घरात विष लावलं."

केवलराम हसला. हसायला नको होतं.

"साहेब, हे डिपली हाय. डिप्लाडेनिया. कलकत्त्याहून आली, दिवाळीत मीच आनून ठेवली. दुरून फूल सारखं दिसते, एवढंच. बेसरमचा अन् हिचा का संबंध?"

"मग लिहून दे. दोन्ही झाडं शेजारी ठेव आणि फरक लिही. सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर पाहिजे. फरक असला तर बहिणीला घेऊन जा. नसला तर तिला ठाणेदार घेऊन जाईल."

तोवर पंचफुला मागच्या खोलीत, बाहेरून कुलूप. किल्ली चौकीदार हिरालालच्या कंबरेला. हा कोणता कायदा, असं तुम्ही विचाराल. कायदा गेटपाससारखा असतो. ज्याच्या खिशात आहे त्यालाच तो आत सोडतो.

खोलीला हातभर खिडकी होती, गजांची. केवलराम तिथं गेला.

"भाऊ, मी काईच नाई केलं," पंचफुला म्हणाली. "रोज पानी घातलं त्याले. बस."

"मले मालूम हाय. तीन फरक लिवतो अन् तुले घेऊन जातो. माळ्याले हे का कठीन हाय?"

"एवढं सोपं असतं तं मी भी माळी झालो असतो," मागून हिरालाल म्हणाला आणि बिडी पेटवली.

शनिवारी सकाळी केवलरामनं साहेबांकडची कुंडी हातगाडीवर शेडमध्ये आणली. नाल्यातून बेसरमची एक फांदी मुळासकट उपटून दुसऱ्या कुंडीत लावली. दोन्ही कुंड्या फळीवर शेजारी ठेवल्या. डिपलीच्या कुंडीवर चुन्यानं फुली मारली. मग वही उघडली आणि मधोमध रेघ ओढली.

चीक दोघींचाही पांढरा, म्हणून तो फरकात धरता येत नव्हता. त्यानं पानांपासून सुरुवात केली. 'डिपली: पाने जोडीने, समोरासमोर. बेशरम: पाने एकाआड एक, लांबट.' अक्षर वळणदार आलं. शेडला कुलूप घातलं, किल्ली गळ्यातल्या गोफात अडकवली आणि जेवायला गेला.

तासाभरानं आला, तेव्हा डिपलीची पानं एकाआड एक होती.

आधी त्याला वाटलं, कुंडी बदलली. फुली पाहिली. चुना त्याच्याच बोटाचा. देठ तपासले. कुठं पान तोडल्याची खूण नाही, चीक वाळलेला नाही. जणू झाड जन्मापासूनच असं होतं. त्यानं कुलूप चार वेळा उघडलं, लावलं. कोणीतरी मस्करी करत असेल. पण मस्करी करणाऱ्यानं पान कसं हलवलं, हे त्याला सांगता येईना, आणि सांगता येत नाही असं काही त्याच्या आयुष्यात आजवर नव्हतं.

बरं, पान गेलं तर गेलं. खोड आहे.

त्यानं डिपलीची एक काडी छाटली. भरीव. बेसरमची छाटली. पोकळ. दोन्ही काड्या टेबलावर ठेवून त्यानं तसं लिहिलं, शेड बंद केली आणि घरी गेला.

रविवारी सकाळी डिपलीची दुसरी काडी छाटली. पोकळ. कालची काडी उचलून पाहिली, तीही पोकळ. त्यानं ती ओठांना लावून फुंकली. वारा पलीकडून बाहेर आला. जिभेवर कडू चव राहिली ती दिवसभर गेली नाही.

बेसरम मात्र तशीच होती, काल होती तशी. ती कोणासाठी बदलत नाही.

दुपारी तो खिडकीपाशी गेला, तेव्हा पंचफुला गज धरून उभी होती. केस चिकटलेले. आत कौलांचा ताव, कोपऱ्यात बादली.

"लिवलं का?"

"लिवून राहिलो."

"लवकर लिव न बाप्पा. भिंती जवळ येऊन राहिल्या. काल खाट आडवी मावत होती, आज नाई मावत."

"तसं वाटते फक्त. उन्हानं."

"तू मोजून पाह्य."

त्यानं खोली मोजली नाही. घाबरला, असं म्हणा. म्हणायला हरकत नाही.

तो शेडमध्ये परत आला. जो फरक लिहिला तोच गेला होता, म्हणून वहीतल्या दोन्ही ओळी खोडल्या. अर्धा तास वाट पाहिली. पानं परत जोडीनं झाली नाहीत. वहीचा कागदच फाडून टाकला. काडी परत भरली नाही.

राहिलं फूल. डिपलीच्या फुलाला पाच पाकळ्या, भिंगरीसारख्या वळलेल्या, प्रत्येकीची कड वेगळी. बेसरमचं फूल अखंड, कर्ण्यासारखं. हा फरक आंधळ्यालाही बोटानं कळेल. या वेळी तो झाडावरून नजर काढणार नव्हता. भर दुपार होती, तट्ट्यातून उन्हाचे पट्टे फुलावर पडले होते. तो समोर बसला आणि वहीकडे न पाहता लिहू लागला.

पाच पाकळ्या, आहेत.

भिंगरीसारख्या, आहेत.

'वेगळ्या' हा शब्द ओळीबाहेर जायला लागला, म्हणून त्यानं एकदाच, फक्त एकदाच, खाली पाहिलं.

वर पाहिलं. फुलाला जोड नव्हता.

त्यानं बोट फिरवलं. कडेकडेनं, पूर्ण गोल. कुठंच अडलं नाही.

सोमवारी सकाळी बंगल्याच्या व्हरांड्यात दोन कुंड्या शेजारी होत्या. साहेबांनी पाहिल्या. त्यांचा कारकून बाबुलाल चष्मा सावरून वाकला.

"काय फरक आहे?" साहेब म्हणाले.

केवलरामनं वही मिटून काखेत घातली.

"ठाण्यात चिठ्ठी पाठव, बाबुलाल."

"थांबा साहेब," केवलराम म्हणाला. "झाड मी आनलं. मी लावलं. तिनं हात नाई लावला. मले द्या पोलिसात, तिले सोडा."

साहेबांनी खांदे उडवले. त्यांना कोणीतरी एक हवं होतं. मजुराच्या घरातलं कोणतंही चालणार होतं.

बाबुलालनं कागद पुढं केला. "जबानी लिही. गोलमाल नको. भाऊ कोण, बहीण कोण, कोणी केलं, कोणी नाही केलं, दोघांतला फरक साफ पाहिजे."

केवलरामनं टाक उचलला. कागदावर टेकवला आणि तो तिथंच थांबला. शाईचा ठिपका फुगत गेला.

"लिही न. का विचार करून राहिला?"

मागून कुलूप काढल्याचा आवाज आला. हिरालालनं पंचफुलाला दारात आणलं होतं. ती उन्हात डोळे मिचकावत होती. तिला बाहेर आलेलं पाहून केवलरामनं लिहिलं. सगळं लिहिलं. मी भाऊ, ती बहीण. मी दोषी, ती निर्दोष. ती वेगळी, मी वेगळा.

"सही करू?"

"माळ्याची सही कोण मानतो? अंगठा लाव. बाईचाही लागेल, सुटल्याचा."

दोघांनी अंगठे लावले, शेजारी शेजारी. बाबुलाल शाई सुकवायला वाळू टाकता टाकता थांबला. कागद डोळ्यांजवळ नेला.

"दोन्हीकडे तूच लावला काय रे?"

"नाई."

दुसरा कागद आला. पुन्हा अंगठे लागले. तेच वळण, त्याच रेघा. कलमाच्या चाकूनं केवलरामचा अंगठा कधी काळी चिरला होता, ती तिरपी खूण दोन्ही ठशांत होती. पंचफुलानं आपला अंगठा पदराला पुसला. मग उजेडात धरला. पुन्हा पुसला.

"मूर्खपणा पुरे," साहेब म्हणाले. "बाईला सोड आणि त्याला आत घाल."

हिरालाल किल्ली घेऊन पुढे आला. थांबला. दोघांकडे आळीपाळीनं पाहत राहिला, बराच वेळ.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "ह्यातली पंचफुला कोनती?"