उतरू का, साहेब?

विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका. पण हे माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय, आणि मामाला थापा मारता येत नाहीत. उभ्या जन्मात त्याने एकच थाप मारली, मामीला, साखर सोडल्याची. ती त्याच दिवशी पकडली गेली.

मार्चमधला शनिवार. संध्याकाळचे पाच वाजायला आले होते.

मामा वेधशाळेत. आमच्या विभागाचा वसंत ऋतूचा अंदाज तोच लिहायचा. मामी जाऊन चार वर्षं झालेली, मूलबाळ नाही. शनिवारी बाकीचे घरी पळायचे, हा मात्र आपणहून ड्युटी मागून घ्यायचा. घर खायला उठायचं त्याला.

त्या वर्षी त्याने अंदाज लिहिला होता... जोराचे वारे, जोराचा पाऊस, सावध राहा.

ऑफिसातले हसले. "साहेब, दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक फुंकून पिताय!"

तोंड पोळलं होतं, हे मात्र खरं.

आदल्या वर्षीपर्यंत डोंगरावरच्या ठाण्यात एक म्हातारे निरीक्षक होते. सगळे त्यांना डोंगरकाका म्हणायचे. तिथे ते एकटेच राहायचे. रोज पाचला फोन करून वारा-पाऊस सांगायचे. मामा आकडे परत वाचून दाखवायचा, काका म्हणायचे, "बरोबर." मगच फोन ठेवायचा, असा नियम.

दुसरा नियम... साहेबांनी, म्हणजे मामाने, ऑफिसच्या वहीत परवानगी लिहिल्याशिवाय ठाणं सोडायचं नाही.

आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये एका संध्याकाळी आकडे सांगून झाल्यावर काका म्हणाले, "वारा वाढतोय साहेब. उतरू का?"

मामाच्या समोर त्याचाच अंदाज पडला होता. 'वसंत ऋतू सौम्य राहील.'

"अंदाजात वादळ नाही हो काका. थांबा जरा. बघून सांगतो."

आणि तो सांगायचं विसरला. डबा उचलला, घरी गेला.

रात्रीत ठाण्याचं छप्पर उडालं, भिंत पडली. काका आत सापडले... पायांत बूट, नाड्या बांधलेल्या. पिशवी भरून मांडीवर घेतलेली.

ते वाट बघत बसले होते.

कोणी मामाला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं तो म्हणायचा. आतल्या आत झिजत गेला नुसता. काकांना "उतरा" एवढं म्हणायचं राहून गेलं, हे त्याच्या घशात अडकून बसलं होतं.

पुढे डोंगरावर माणूस नेमलाच नाही. यंत्र बसवलं. ते पाचला आपोआप आकडे पाठवतं. शेवटी शेऱ्याचा रकाना असतो, तो कायम रिकामा. यंत्र कशाला शेरा लिहितंय?

त्या शनिवारी वारा सुटला होता. खिडक्या खडखडत होत्या.

पाच वाजले. आकडे आले. वाऱ्याचा वेग बघून मामा दचकला... आदल्या वर्षी काकांनी सांगितलेला आकडा. अगदी तोच.

आणि शेऱ्याच्या रकान्यात...

उतरू का?

मामाला वाटलं, कोणीतरी चेष्टा करतंय. पण इमारतीत दुसरं कोणी नव्हतंच. त्याने स्क्रीन बंद करून परत चालू केला.

उतरू का, साहेब?

मामा पळाला नाही. कपाटातून जुनी वही काढली. आदल्या वर्षीचं पान उघडलं. परवानगीची ओळ कोरीच होती. त्याने लिहिलं, 'उतरण्यास परवानगी आहे.' सही केली. वेळ टाकली. मग एकट्यानेच मोठ्यांदा वाचून दाखवलं. आणि ढसाढसा रडला.

स्क्रीनवर नवा शेरा आला.

बरोबर.

तेवढ्यात... वारा पडला. खिडक्या गप्प झाल्या. अंदाजातलं वादळ त्या वर्षी आलंच नाही.

मामाला वाटलं, सुटले बिचारे. पण एक गोष्ट त्याच्या डोक्यात आली नव्हती. उतरा म्हटलं खरं... उतरून जायचं कुठे? काकांना तरी कोण होतं?

डोंगरावरून शहरात पायी यायला दोन दिवस लागतात.

सोमवारी मामाला बदली सुट्टी होती, पाचला तो घरी होता. बाहेर लख्ख ऊन. जिन्यात बुटांचा आवाज आला... सावकाश, एकेक पायरी. दारापाशी थांबला.

मामाने दार उघडलं. कोणी नव्हतं.

वळून बघतो तो फरशीवर ओले ठसे... दारातून खुर्चीपर्यंत गेलेले. परत फिरलेले एकही नाहीत.

महिन्याभराने मी मामाला भेटायला गेले. टेबलावर चहाचे दोन कप होते. मला वाटलं, एक माझा. म्हणून मी समोरची खुर्ची ओढली.

"तिथे नको गं बसू," मामा हळूच म्हणाला. आणि हे सगळं सांगितलं.

मी म्हटलं, "मामा, चल माझ्याकडे राहायला."

"कशाला? आता घर खायला उठत नाही." किती वर्षांनी तो असा हसला!

पाच वाजले. त्याने खिडकीबाहेर बघितलं. "वारा नाही. पाऊस नाही."

रिकाम्या खुर्चीतून कोणीतरी म्हातारं खाकरलं...

"बरोबर."

मी ऐकलं. माझ्या या कानांनी ऐकलं.

आता मी मामाला सकाळचाच फोन करते. तो मजेत असतो. मला झोप लागत नाही ती एकाच गोष्टीने. डोंगरकाका परवानगीशिवाय जागा सोडत नाहीत. आणि मामाला ती द्यायची नाहीये.