एकसष्टपासून मोजा

मला वाटलं होतं, मामाच्या दवाखान्यात पाऊल टाकलं की आधी माणसांचा गलका ऐकू येईल. गुरुवारी कवळी फुकट मिळते म्हणून दारापासून कोपऱ्यापर्यंत बसलेली म्हातारी माणसं, त्यांचं बोळकं हसू, आणि सगळ्यांच्या वर मामाचा दणदणीत आवाज. सात वर्षं परक्या देशात दातांचं शास्त्र शिकताना हेच चित्र मी जपलं होतं. शेवटच्या वर्षी वर्गासमोर मी मामावर अर्धा तास बोलले होते. म्हटलं होतं, प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला मरेपर्यंत चावून खाता आलं पाहिजे, आणि हे मला पुस्तकाने नाही, माझ्या मामाने शिकवलं.

मिळालं ते अर्धं खाली ओढलेलं शटर, एक जुनी खुर्ची, थुंकीच्या भांड्यात टपटपणारं पाणी. लवंगेच्या तेलाचा ओळखीचा वास होता, पण त्याच्याखाली आणखी एक वास दबलेला होता. बंद पेटीत वर्षानुवर्षं पडलेल्या कपड्यांना येतो तसा.

तो दिवा राहू द्या जवळ. विचारलंत म्हणून सांगते.

आई जाऊन आठ महिने झाले होते. मामाने फोनवर सांगितलं होतं, झोपेतच गेली, काही कळलंच नाही तिला. माझी शेवटची परीक्षा तोंडावर होती. "तू येऊन काय करणार आता? संपलं सगळं. ती असती तर हेच म्हणाली असती, परीक्षा दे," तो म्हणाला होता. मी परीक्षा दिली आणि पहिली आले.

दवाखान्यात आम्ही तिघंच. मामा, मी आणि मागच्या खोलीत कवळ्या बनवणारे मेणकाका. मेणकाकांचं खरं नाव काय ते मामालाही आठवत नसावं. चाळीस वर्षं मेणात दात रोवून त्यांची बोटं पिवळी पडली होती.

"डॉक्टरताई, तुम्ही तिकडे यंत्रावर शिकलात म्हणे," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. "आमचं यंत्र हे असं." आणि त्यांनी दहाही बोटं माझ्यासमोर नाचवली. "वीज गेली तरी चालतं. फक्त चहा लागतो."

मला ते आवडले. सगळंच आवडून घ्यायचं असं ठरवून आले होते मी.

मी आल्यानंतरचा पहिला गुरुवार होता. आकाश सकाळपासून राखाडी, वारा नाही. दुपारी मामा जेवायला घरी गेला आणि जाताना म्हणाला, "शिवणकामवाल्या बाई येतील. मेणाची ट्रायल आहे, वरच्या कवळीची. तू बघून घे. साधंच काम आहे."

ट्रायल म्हणजे पक्की कवळी करण्याआधी दात मेणात बसवून तोंडात घालून बघायचे. दिसतात कसे, ओठ भरतो का आणि बोलताना जीभ अडते का, एवढं पाहायचं.

बाई आल्या. सत्तरीच्या, काटक, ब्लाऊजला टाचण्या खोचलेल्या. खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला सुरुवात.

"डॉक्टरबाई, मला हसण्यासाठी नकोत हो दात. या वयात हसून कुणाला दाखवू? दोरा तोडता येत नाही. प्रत्येक टाक्याला कात्री शोधायची म्हणजे कात्रीच माझी सासू झालीय."

मी हसले. मेणकाकांनी ठेवलेल्या तबकातलं ओलं फडकं उघडलं. गुलाबी मेणात चौदा दात. चिनी मातीचे होते, जुन्या पद्धतीचे, सुरेख. असे दात हल्ली कुणी वापरत नाही. फुकटच्या कवळीत तर कधीच नाही. मामाचं मन मोठं, मला वाटलं. फक्त डावीकडचा दुसरा दात किंचित आत वळलेला होता. मी तो मऊ करून सरळ केला आणि कवळी बाईंच्या तोंडात बसवली.

"आता एकसष्टपासून मोजा," मी म्हटलं. "सत्तरपर्यंत. सावकाश."

सगळीकडे हेच करतात. या आकड्यांत 'स' फार येतो. दात जरा पुढेमागे असले तर लगेच कळतं.

"एकसष्ट," बाई म्हणाल्या. "बासष्ट. त्रेसष्ट."

प्रत्येक 'स'बरोबर एक बारीक शीळ वाजत होती. खिडकीच्या फटीतून वारा यावा तशी.

मी वही हातात घेतली होती. ती तशीच राहिली. ती शीळ माझ्या ओळखीची होती. मला झोपवताना, रागावताना, दारातून हाक मारताना मी ती वीस वर्षं ऐकली होती.

"अडुसष्ट. एकोणसत्तर. सत्तर."

"पुरे," मी म्हटलं.

"एकाहत्तर," बाई म्हणाल्या. "बाहत्तर."

"बाई, झालं. पुरे."

त्यांचे डोळे छताकडे लागले होते. टाचण्यांवर ठेवलेली बोटं हलत नव्हती. फक्त तोंड हलत होतं, तेही नुसता जबडा. "ऐंशी... एक्क्याऐंशी..." थुंकीच्या भांड्यातलं पाणी टपकायचं थांबलं होतं. कधी थांबलं मला कळलं नाही. नव्वद झाले, शंभर झाले. मागच्या खोलीत मेणकाकांची मेण कोरायची पट्टी ताटलीवर पडल्याचा आवाज आला आणि पुन्हा सगळं शांत.

"एकशे सतरा," बाई म्हणाल्या. "एकशे अठरा."

आणि थांबल्या.

त्यांनी मान वळवली. माझ्याकडे पाहिलं, पण त्या नजरेत शिवणकामवाल्या बाई नव्हत्या.

"खारू," त्या हळूच म्हणाल्या. "पेला... समोरच होता गं. हात पुरत नव्हता."

लहानपणी माझे पुढचे दोन दात मोठे होते म्हणून आई मला खारू म्हणायची. दाराआड, कुणी नसताना. मामानेसुद्धा मला कधी त्या नावाने हाक मारली नव्हती.

मी कवळी काढली. घाईत मेणाचा एक कोपरा दबला. बाईंनी ओठ पुसले आणि भानावर आल्यासारखं विचारलं, "झालं का माझं मोजून? तोंड का दुखतंय एवढं?"

"झालं," मी म्हटलं. "थोडं काम बाकी आहे. उद्या-परवा या."

"दोरा तुटेल ना हो?"

"तुटेल. मी स्वतः करून देईन."

त्या गेल्यावर मी कवळी दिव्याखाली धरली. डावीकडचा दुसरा दात पुन्हा आत वळला होता. त्याच्या कोपऱ्याला बारीक टवका. पेनाचं टोपण दातांनी उघडायची सवय होती आईला. ऐन तरुणपणी कवळी आली तरी सुटली नव्हती. मामा किती ओरडला होता तेव्हा. "अगं, बहिणीसाठी उत्तमातले दात आणले, आणि तू त्यांचा अडकित्ता करतेस?"

मी मागच्या खोलीत गेले. मेणकाका दाराकडे पाठ करून बसले होते.

"हे दात कुठले?"

ते हातातला मेणाचा गोळा चेपत राहिले.

"तो वळलेला दात मी तीनदा सरळ लावला, डॉक्टरताई," शेवटी ते म्हणाले. "आज सकाळी चौथ्यांदा. मेण गार झालं की तो... आपला तिकडे जातो."

"कुठले दात, काका?"

त्यांनी फळीवरचा पत्र्याचा डबा काढला. झाकण उघडताच तो दबलेला वास अंगावर आला. आत कवळ्या होत्या. कितीतरी. काही पूर्ण, काही दात काढून घेतलेल्या, नुसत्या गुलाबी खाचा उरलेल्या.

"माणूस गेलं की घरचे आणून देतात," मेणकाका म्हणाले. "घरात ठेववत नाही, टाकवत नाही. साहेब म्हणतात, मी बघतो. मग आम्ही तापवून दात सोडवतो आणि गुरुवारच्या कवळ्यांत लावतो. एक्केचाळीस लोक आहेत आजवर. कुणाला सांगितलेलं नाही."

"आणि आईची?"

"वरची ही. खालचे दात गुरुवारी येणाऱ्या एका रखवालदाराला लावले, गेल्या महिन्यात." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "मला ठाऊक नव्हतं त्या ताईंची आहे म्हणून. टवका बघितला आणि मग कळलं. पण तोवर..."

त्यांनी डबा फळीवर परत ठेवला.

संध्याकाळी मामा आला. कोट काढून खुंटीला लावला, हात धुतले, आणि माझ्यासमोरची कवळी पाहून तसाच ओल्या हातांनी उभा राहिला.

"वाया का घालवायचे चांगले दात?" तो म्हणाला. आवाज नेहमीसारखाच, समजावणीचा. "मेलेल्याला त्यांचं काय काम? त्यांनी एखाद्या गरिबाला जेवता येतं. तू तिकडे शिकलीस म्हणून तुला किळस वाटते."

"किळस नाही वाटत. आई कशी गेली?"

"सांगितलं ना. झोपेत."

बाई थांबल्या तो आकडा माझ्या डोक्यातून जात नव्हता. पेल्यापर्यंत हात न पुरणारं माणूस अंथरुणात दिवसच मोजणार.

"एकशे अठरा दिवस झोपली होती?"

त्याचा चेहरा एकदम म्हातारा झाला.

"आकडा कुणी सांगितला तुला? मेणकाका इथे नव्हताच तेव्हा, रजेवर होता."

मी कवळी त्याच्यासमोर सरकवली. मामा स्टुलावर बसला आणि बोटांच्या पेरांवर मोजू लागला. जिन्यावरून पडली तो दिवस, मग तो महिना, पुढचा, त्याच्या पुढचा. शेवटच्या पेरावर अंगठा थांबला. पुढे मोजायला काही उरलं नव्हतं.

"कंबरेचं हाड मोडलं होतं," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी फोन मागितला तिने. तुला बोलावणार होती. तू आली असतीस गं! शेवटचं वर्ष टाकून आली असतीस, मी ओळखत नाही का तुला? मग सात वर्षं कशासाठी होती? हा दवाखाना कुणासाठी?"

"म्हणून तू तिचे दात काढून घेतलेस."

"हिरड्यांना विश्रांती म्हणून. पेल्यात ठेवले, समोरच. तिचं बोलणं अस्पष्ट येईल एवढंच. मी तिला कसलाच त्रास..."

मला सगळं आठवलं. ते फोन. मामा म्हणाला होता, तिची नवी कवळी व्हायचीय, बिनदातांची कॅमेऱ्यासमोर यायला लाजते. पलीकडून फसफसणारं, बुडबुड्यांसारखं काहीतरी ऐकू यायचं. मी हसायचे. "आई, तू अगदी तान्ह्या बाळासारखी बोलतेस!" आणि प्रत्येक वेळी शेजारून मामाचा स्वच्छ आवाज यायचा, "ती म्हणतेय, अभ्यास कर. इकडची काळजी करू नकोस."

ती काय म्हणत होती, हे मला कधीच कळणार नाही. मधल्या दुभाष्याने शब्द न् शब्द बदलला होता, आणि मी त्याच दुभाष्याचं कौतुक करत वर्गासमोर अर्धा तास उभी होते.

मी त्या रात्री घरी गेले नाही. दवाखान्यातच खुर्चीवर बसून राहिले. पाणी पुन्हा टपकायला लागलं होतं.

सकाळी शटरवर थाप पडली. रखवालदार होता. रात्रपाळी संपवून तसाच आला होता, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.

"बाई, ही परत घ्या," तो म्हणाला. खालचा ओठ आत गेलेला, शब्द चुरगळलेले. "मी घालतच नाही, आठ दिवस झाले. पेल्यात ठेवली तरी बायकोला झोप लागत नाही. म्हणते, पेल्यातून कुणीतरी मोजतं."

"काय मोजतं?"

"दिवस का काय ते. एकशे अठरापर्यंत. रोज तिथेच थांबायचं." त्याने पुडकं टेबलावर ठेवलं आणि हात मागे घेतला. "काल दुपारी मात्र पुढे गेलं. एकशे एकोणीस म्हणालं."

काल दुपारी. शिवणकामवाल्या बाई माझ्या खुर्चीत होत्या तेव्हा.

मी त्याला नवी कवळी करून देते म्हणून सांगितलं आणि पाठवलं. मग ठरवलं. मी कुठेही परत जाणार नव्हते. एक्केचाळीस जणांना एकेक करून बोलवायचं, खरं सांगायचं, त्यांच्यासाठी माझ्या हाताने नवे दात करायचे. पण जुने काढून घेण्याआधी प्रत्येकाला त्या खुर्चीत बसवून एकसष्टपासून मोजायला सांगायचं, आणि तोंड आपोआप थांबेपर्यंत मधे बोलायचं नाही. जे बोललं जाईल ते, ज्यांचे दात होते त्यांच्या घरी पोचवायचं.

ऐकण्याचं काम मात्र मी करणार नव्हते. ते मामाचं होतं.

मामा आला तेव्हा टेबलावर काचेचा पेला होता, पाण्यात वरचे आणि खालचे दात एकमेकांवर नीट बसवलेले. समोर मी स्टूल ठेवलं होतं.

"बस," मी म्हटलं. "तुला तिचं बोलणं कळतं. ती काय म्हणतेय ते सांग मला. या वेळी जसंच्या तसं."

तो हसायचा प्रयत्न करत बसला. पेल्यावर वाकला, कान जवळ नेला. पाण्यात एकही बुडबुडा नव्हता.

मग हळूहळू मामाने स्वतःचं तोंड दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरलं. आणि त्या हातांच्या आतून, 'स'वर बारीक शीळ वाजवत, कुणीतरी म्हणालं, "एकशे वीस."