फांदीमागून

आमच्या अंगणातलं उमलाहलानकोसी आजोबांनी लावलेलं. बोरीच्याच जातीचं झाड; काटे जोडीजोडीने, एक सरळ, एक आकडेदार. गळवांवर त्याच्या पाल्याचा लेप लावायला अर्धं गाव आमच्याकडे येतं. आणि माणूस परमुलखात मेला, तर त्याला घरी आणायलाही याच झाडाची फांदी लागते.

माझा भाऊ म्झामो घाटात मिनीबस-टॅक्सी दरीत कोसळून गेला. देह आम्ही घरी आणून पुरला होता. त्याला स्वतःला आणायचं राहिलं होतं. मी शाळेत विज्ञान शिकवते, माझा यावर विश्वास नव्हता. पण फांदी धरलेल्याने वाटेत परक्याशी बोलायचं नसतं, म्हणून बाबांच्या वतीने बोलायला मी गेले.

घाटात बोचरं वारं होतं. दरीच्या कडेला अजून काचा पडल्या होत्या. बाबांनी फांदी मातीला टेकवली आणि म्हणाले, "चल बाळा, घरी जाऊ."

परतीच्या टॅक्सीत आम्ही तीन जागा घेतल्या. पूल आला, की बाबा मधल्या जागेकडे वळून हळूच सांगत, नदी ओलांडतोय. लेडीस्मिथला एक म्हातारी चढली, फांदी बघून मान खाली घालून मागे जाऊन बसली. उतरताना मात्र माझ्यापाशी थांबली.

"मांडीवर तरी घ्यायचं होतंस गं पोरी. सगळी वाट उभीच होती ती."

म्हातारीला भ्रम झाला असेल, असं मी धरून चालले.

घरी शेळीने बाबांच्या हातातल्या फांदीचा पाला खाल्ला, म्हणजे म्झामो पोचला. कित्येक दिवसांनी आई पोटभर जेवली.

पुढच्या आठवड्यात ती पूर्वजांच्या कोपऱ्यात दह्याचे दोन वाडगे ठेवू लागली. एकात साखर.

"म्झामो दह्यात साखर कधी घालायचा?" मी विचारलं.

"तो नाही. तिला लागते."

मी घाटातल्या पोलीस चौकीला फोन लावला. हवालदाराने कागद चाळले. त्या टॅक्सीतल्या मृतांत एक मुलगी होती, पाच-सहा वर्षांची. न्यायला कुणी आलं नाही. नावही कळलं नाही.

बाबांना सांगितलं. ते झाडाखाली जाऊन बसले.

"तिच्या घरी पोचवली असती," ते म्हणाले. "पण घर कुठलं, ते कुणाला विचारायचं?"

तेवढ्यात आई जेवायला हाक मारायला दारात आली. आधी बाबांना, मग मला. मग तिने एक नाव घेतलं, आमच्या नात्यागोत्यात कुणाचंच नसलेलं.

आम्ही दोघं अजून झाडाखालीच होतो, तरी उंबऱ्याशी आडवा पसरलेला कुत्रा उठून बाजूला झाला.

क्षणभर थांबला.

मग पुन्हा होता तिथे जाऊन पसरला.